बाबासाहेबांच्या वाटेनं स्वतःचं लिहिताना : वाचकांचे प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सलग आत्मचरित्र लिहून ठेवलं नाही. आठवणींचं एक छोटं इंग्रजी हस्तलिखित मात्र त्यांच्या मागे राहिलं : 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते पुस्तिका म्हणून छापलं आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या 12 व्या खंडात ते आलं. छापील मजकूर जेमतेम तीस पानांचा. तो वाचून 'आपलंही लिहून ठेवावं' असं वाटलेल्या अनेकांची पत्रं आमच्याकडे आली आहेत. त्यांतले काही प्रश्न थोडक्यात करून इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : सविनय जय भीम. मी 67 वर्षांचा, कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. वही आणली आणि 'माझा जन्म…' इथून सुरुवात केली. चाळीस पानं झाली तरी मी अजून तिसरीच्या वर्गातच आहे. आता हातच उचलत नाही. काय चुकतंय?

जय भीम. चूक सुरुवातीच्या जागेची आहे. जन्मापासून निघालं की वाटेतलं सगळंच लिहावंसं वाटतं आणि कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं हे ठरवायची वेळच येत नाही. बाबासाहेबांनी हा निर्णय अगदी सुरुवातीला घेतला आणि वाचकाला सांगूनही टाकला. अस्पृश्यता कशी पाळली जाते हे परक्या माणसाला समजावायचे त्यांना दोन मार्ग दिसत होते : एक सर्वसाधारण वर्णनाचा, दुसरा प्रत्यक्ष घडलेले प्रसंग मांडण्याचा. दुसरा अधिक परिणाम करील म्हणून तो निवडला, असं ते म्हणतात. मग सहाच प्रकरणं येतात. लहानपणी मसूर स्टेशनवरून केलेला बैलगाडीचा प्रवास, परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला न मिळालेली जागा, 1929 मधला चाळीसगावचा टांग्याचा अपघात, 1934 मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून झालेला प्रकार. उरलेली दोन दुसऱ्यांची आहेत. जन्म, लग्न, पदव्या यांतलं प्रसंगाला लागेल तेवढंच येतं.

तेव्हा वही आठवडाभर बाजूला ठेवा. पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्या. एका कागदावर एकच प्रसंग, तोही नुसता नावानं : 'विहिरीवर आईची घागर', 'पहिला पगार आणि भाड्याची खोली', 'बदलीच्या गावातला पहिला दिवस'. रोज चार-पाच कागद झाले तरी आठवड्यात तीसेक होतात. मग प्रत्येक कागदाला पाच गोष्टी विचारा : कुठे घडलं, केव्हा घडलं, कोण कोण होतं, नेमकं काय झालं आणि त्यानंतर तुमच्यात किंवा घरात काय बदललं. पाचव्या प्रश्नाला उत्तर नसलेला कागद सध्या बाजूला ठेवायचा. दहा-बारा कागद उरतील, तेवढे पुरे आहेत. त्यांतला सर्वांत स्वच्छ आठवणारा प्रसंग आधी लिहा. सर्वांत दुःखाचा आधी घेतला तर बहुतेक वेळा तो अर्ध्यावर सुटतो आणि त्याच्याबरोबर सगळं लिखाणच सुटतं. एका प्रसंगाला 800 ते 1500 शब्द लागतात. क्रमाची चिंता शेवटी करा. सगळे कागद जमिनीवर मांडून वरखाली केले की क्रम दिसायला लागतो.

तुमच्या झालेल्या चाळीस पानांवर एक परीक्षा करून बघा. पेन्सिल घ्या आणि 'जायचो', 'बसायची', 'हिणवायचे' अशी रीतिभूतकाळाची क्रियापदं अधोरेखित करा. एका पानात अशी पाच-सहाहून जास्त निघाली, तर त्या पानावर काही घडतच नाही. 'गुरुजी आम्हाला नेहमी वेगळं बसवायचे' हे वाक्य खरं असतं, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्या अनेक दिवसांतला एक दिवस निवडा : 'त्या सोमवारी गुरुजींनी माझं पाटी-दप्तर उचलून दाराशी ठेवलं.' पूर्वीची चाळीस पानं फाडू नका. त्यांत तपशिलांचा साठा आहे, पुढे लागतो.

प्रश्न : वर्षं आणि तारखा लक्षात नाहीत. माझी स्वतःची जन्मतारीखसुद्धा खात्रीची नाही. अंदाजे लिहिलं तर लोक खोटं म्हणतील ना?

तुमच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर ती तारीख बहुधा गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली आहे. त्या पिढीतल्या हजारो लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मात्र प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. ती त्या दिवशीच लिहिलेली असल्यानं अधिक भरवशाची. जुन्या पिढीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मागा. त्यात गावातले जन्म आणि मृत्यू नोंदलेले असतात. बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि वडिलांचं नाव एवढंच सापडतं. म्हणून भावंडांचा क्रम आधी कागदावर लिहून न्या, नाहीतर थोरल्याची नोंद धाकट्याची समजली जाते. जुनी पानं मोडीत असू शकतात. ती मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजानं नको.

कागद मिळाला नाही तर आठवण मोठ्या घटनेला बांधायची. 14 ऑक्टोबर 1956, नागपूरची धम्मदीक्षा. 6 डिसेंबर 1956, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण. पश्चिम महाराष्ट्रात 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. सगळीकडेच 1972 चा दुष्काळ आणि त्यात खायला मिळालेली सुकडी. मराठवाड्यात 27 जुलै 1978 चा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आणि 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'कोणतं साल?' विचारलं तर उत्तर येत नाही. 'दुष्काळात धाकटा अंगावर पीत होता का चालत होता?' असं विचारलं की येतं. त्यात हंगाम मिसळा. ज्वारी उभी होती की खळ्यात आली होती, एवढं कळलं तरी महिना दोन महिन्यांच्या आत सापडतो.

पैशांचं एक पथ्य. 1 एप्रिल 1957 ला दशमान पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. आईची मजुरी चार आणे असेल तर चार आणेच लिहा. तिचे आजचे रुपये करून कंसात घालण्यापेक्षा त्या चार आण्यांत त्या दिवशी काय आलं ते लिहा. शेर, पायली, मैल हेही तसेच ठेवा.

एवढं करून जे कळत नाही तिथे 'सुमारे' किंवा 'त्या सुमारास' लिहा. त्यानं कोणी तुम्हाला खोटं म्हणणार नाही. खोटं पाडतात ते अंदाजाला दिलेल्या नेमक्या तारखेनं. दोन भावंडांना एकच प्रसंग वेगळा आठवत असेल तर दोन्ही आठवणी द्या आणि कोणती कोणाची ते सांगा.

प्रश्न : लिहिलेली दहा पानं मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'बाबा, हे जयंतीचं भाषण झालं.' मला राग आला, पण वाटतं तिचं खरं आहे. भाषण होऊ नये म्हणून काय करावं?

तुमच्या मुलीनं नेमकं दुखणं पकडलं आहे. भाषणात समोरचे लोक आपलेच असतात, त्यांना प्रसंग माहीत असतो. त्यांना फक्त शब्दांनी पेटवायचं असतं. लिहिलेलं वाचणारा माणूस परका असतो, एकटा असतो आणि त्याला काहीच माहीत नसतं. बाबासाहेबांनी तर सरळ परदेशी वाचक धरला होता. म्हणून कोण कुठे उभं होतं, काय विचारलं, काय उत्तर आलं, हे ते एखाद्या साक्षीदारासारखं सांगत जातात.

मसूरचा प्रसंग या नजरेनं पुन्हा वाचा. नऊ वर्षांचा मुलगा, बरोबर भाऊ आणि दोन भाचे. वडील सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदकामावर, खजिनदार. त्यांना भेटायला जायचं म्हणून नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरतो. दुप्पट भाडं देऊनही गाडीवाला गाडीत बसायला तयार नाही. मुलांनी बैल हाकायचे आणि त्यानं बाजूनं चालायचं, असं ठरतं. डबा भरलेला आहे, पण पाणी नाही, म्हणून जेवता येत नाही. रात्री जकात नाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असं सांगायचं शिकवलं जातं, तरीही पाणी मिळत नाही. 'अन्याय' हा शब्द न उच्चारताही चार भुकेल्या पोरांपुढचा तो भरलेला डबा वाचकाच्या मनातून जात नाही. नव्या कपड्यांचं वर्णनही नटवण्यासाठी आलेलं नाही. मुलं किती आनंदात निघाली होती ते कळलं, तरच पुढचं लागतं.

भावना सांगायचीच नाही असंही नाही. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाडं देऊन, पारशी नाव लावून बाबासाहेब राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसं त्यांना बाहेर काढायला दारात आली. दोन मित्रांनी घरी घेणं टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला होती, मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सगळं मांडून झाल्यावर ते सांगतात, की अठरा वर्षं लोटली तरी हे आठवताना डोळ्यांत पाणी येतं. भाडं, काठ्या, पाच तास यांच्यानंतर ते आलं म्हणून ते टिकतं. तेच आधी आलं असतं तर वाचकानं ते नुसतं ऐकून घेतलं असतं.

करून पाहण्यासाठी एक नमुना देतो. पहिला मसुदा साधारण असा येतो :

'त्या दिवशी माझ्या काळजाच्या चिंधड्या झाल्या. जातीयतेचा राक्षस आ वासून माझ्यापुढे उभा होता.'

दुरुस्त केल्यावर :

'शिष्यवृत्तीच्या मुलांनी उभं राहा, असं सर म्हणाले. साठ जणांच्या वर्गात आम्ही चौघं उठलो. सरांनी नावं लिहून घेतली आणि धडा सुरू केला. बसा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून आम्ही तास संपेपर्यंत उभेच होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या मुलानं बाक बदलला.'

काळीज, राक्षस, अंधार, वणवा, ज्वालामुखी असे शब्द जिथे आले असतील तिथे थांबा आणि त्या क्षणी हात काय करत होते, आवाज कोणाचा येत होता, ते आठवा. मिळेल ते त्या शब्दाच्या जागी लिहा. काहीच आठवलं नाही तर वाक्य काढून टाका. प्रसंगाच्या शेवटी 'यावरून असे दिसते की' अशी ओळ असेल तर तीही काढा. एक अपवाद आहे. प्रथा वाचकाला माहीतच नसेल तर ती समजावणं भाग आहे. शाळेत शिपाई असेल तरच अस्पृश्य मुलांसाठी नळ उघडला जाई, शिपाई नसेल तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी उलगडून सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं कळलंच नसतं.

प्रश्न : आजी 88 वर्षांची आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण बाबासाहेबांच्या सभेला लहानपणी गेल्याचं सांगते. तिचं कसं नोंदवून घेऊ?

उशीर करू नका, हे पहिलं. मोबाइल पुरेसा आहे. तो विमान मोडवर टाका, आजीपासून हातभर अंतरावर उशीवर किंवा घडी केलेल्या कापडावर ठेवा. टेबलावर ठेवला की प्रत्येक भांड्याचा आवाज त्यात येतो. पंखा आणि टीव्ही बंद करा. आधी एक मिनिट बोलणं घेऊन ऐकून बघा. बैठक चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. या वयात सकाळची वेळ बरी, जेवणानंतरची नको.

सुरुवातीला तारीख, गाव आणि आजीचं नाव तुम्ही स्वतः बोला. नोंदवून घेतोय आणि पुढे लिहिणार आहोत हे तिला सांगा आणि तिचा होकारही त्यात येऊ द्या. 'सभेत काय वाटलं?' असं विचारलंत तर 'लई चांगलं वाटलं' एवढंच मिळेल. कोणाबरोबर निघालीस, चालत की गाडीनं, भाकरी कशाशी बांधली होती, रात्री कुठे झोपलात, अंगावर काय होतं, असं विचारा. ती थांबली तर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच पुढचा प्रश्न घ्या. बऱ्याचदा महत्त्वाचं त्या थांबण्यानंतर येतं. तिनं चुकीचं साल सांगितलं तरी मध्येच दुरुस्त करू नका. एकदा दुरुस्त केलेली माणसं पुढे जपून बोलतात. नातेवाइकांचा घोळका भोवती असेल तर तेच बोलतात आणि आजी गप्प होते, म्हणून ती आणि तुम्ही, दोघंच बसा. ओव्या, जात्यावरची किंवा बाबासाहेबांवरची गाणी येत असतील तर त्यांची वेगळी बैठक घ्या.

फाइलला त्याच दिवशी नाव द्या, आजीचं नाव आणि तारीख. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. एक तास बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे धरून चाला. मोबाइलला ऐकवून आपोआप मराठी टाइप करून घेता येतं, पण बोलीतले शब्द, माणसांची आणि वाड्यावस्त्यांची नावं तो हमखास बदलून टाकतो. मूळ आवाज ऐकत शब्दन् शब्द ताडून बघा. आणि लिखाणात आजीचं ते आजीचंच राहू द्या. बाबासाहेबांनीही शेवटच्या दोन प्रकरणांत दुसऱ्यांचे अनुभव घेतले. काठेवाडातल्या एका शिक्षकाच्या आजारी बाळंतिणीला डॉक्टरनं शिवायला नकार दिला, थर्मामीटरही मध्ये एका मुसलमान माणसाच्या हातून पुढे गेलं, त्याची हकिकत त्यांनी त्या शिक्षकाच्याच प्रसिद्ध झालेल्या पत्रातून दिली आणि तसं सांगितलं.

प्रश्न : घरची बोली लिहायची की शुद्ध मराठी?

संवाद बोलीत, निवेदन तुम्हाला ज्या भाषेत सहज सुचतं त्या भाषेत. सगळंच बोलीत लिहायचं असेल तर अवश्य लिहा, पण एक शब्द एकाच पद्धतीनं लिहा. पहिल्या पानावर 'म्हनून', पाचव्यावर 'म्हून' आणि दहाव्यावर 'म्हणून' असं झालं की वाचकाला ती छपाईची चूक वाटते. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शब्दांची यादी ठेवा. येसकरकी, बलुतं, तराळ असे शब्द नव्या मुलांना कळत नाहीत. शेवटी शब्दार्थ देण्यापेक्षा वाक्यातच काम दाखवा : 'त्या वर्षी येसकरकी आमच्याकडे होती, म्हणून संध्याकाळी भाकरी मागायला मी टोपली घेऊन निघालो.' अर्थ आपोआप कळतो.

प्रश्न : ज्यांनी अपमान केला ते लोक गावात आहेत, काहींची मुलं माझ्या ओळखीची आहेत. शिवाय माझा भाऊ म्हणतो, घरातली गरिबी आणि वडिलांचं पिणं चव्हाट्यावर आणू नकोस. नावं घालावीत का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. बाहेरच्यांचा आधी घेऊ. पहिल्या मसुद्यात सगळी खरी नावं लिहा, नाहीतर आठवण पुसट होते. छापायच्या प्रतीत मात्र विचार करा : या प्रसंगाला नाव लागतं की हुद्दा पुरतो? 'हेडमास्तर', 'तलाठी', 'घरमालकीण' यांत बहुतेक वेळा सगळं येतं. बडोद्याच्या त्या दोन मित्रांचं बाबासाहेबांनी काय केलं ते पाहा. नाव न घेता एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र एवढंच. हिंदू मित्र म्हणतो, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणतो, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. त्यांच्यावर एकही शिवी नाही, त्यांचीच वाक्यं तेवढी टिपली आहेत. हे शिकण्यासारखं आहे.

नाव बदललं, पण गाव, हुद्दा आणि वर्ष तेच ठेवलं तर गावातला प्रत्येक जण ओळखतो. बदलायचं तर यांतल्या किमान दोन गोष्टी बदला आणि 'काही नावं व तपशील बदलले आहेत' असं पहिल्या पानावर लिहा. कायद्याची बाजू अशी : 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. नुसतं खरं असणं पुरत नाही, ते सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केलेलं असावं लागतं. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही कुटुंबाच्या भावना दुखावण्यासाठी लिहिलेला असेल तर या कलमाखाली येऊ शकतो. म्हणून पाहिलं-ऐकलं ते तसं सांगा. 'त्यांनी पैसे खाल्ले' यापेक्षा 'माझ्या अंगठ्याच्या ठशापुढे 60 रुपये लिहिले होते, हातात 40 पडले' हे वाक्य सुरक्षितही आहे आणि जास्त बोलकंही. एखाद्याचं नाव घालणं अटळच असेल तर छपाईआधी ती पानं वकिलाला दाखवा.

आता घरातलं. भावाला डावलून छापू नका. ज्या पानांवर तो आहे, ती त्याला आधी वाचायला द्या. वडिलांबद्दल तुम्ही दोघांनी बसून ठरवा, पण त्यांचं पिणं सांगितलं तर त्यांचे सोळा तासांचे कष्टही त्याच पानावर असले पाहिजेत. आपल्या माणसांची चूक कशी सांगावी याचा धडा चाळीसगावच्या प्रकरणात आहे. टांगेवाले महाराला टांग्यात घ्यायला तयार नव्हते आणि पाहुण्यानं चालत यावं हे वस्तीला पटेना. म्हणून त्यांनी टांगा भाड्यानं घेतला आणि कधी टांगा न हाकलेला आपलाच माणूस बसवला. टांगा पुलावर उलटला, बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. पाहुण्याचा मान राखताना त्याच्या जिवाचा धोका लोकांच्या ध्यानात आला नाही, हे ते स्वच्छ सांगतात. त्यात लोकांचं प्रेम दिसतं आणि चूकही लपत नाही.

प्रश्न : मी तिशीतली, शहरात वाढले, आयटीत आहे. आईबाबांनी सोसलं, मला तसं काहीच नाही. माझ्याकडे लिहिण्यासारखं काय?

बाबासाहेबांनी निवडलेले सहा प्रसंग कुठल्या जागी घडले ते बघा : प्रवास, मुक्काम, वाहन, सहल, दवाखाना, नोकरी. याच सहा शब्दांखाली तुमचे कागद भरा. फ्लॅट बघायला गेल्यावर आडनावापाशी थांबलेलं बोलणं, प्रवेशयादीतला क्रमांक विचारणारी मैत्रीण, ऑफिसच्या जेवणात घरच्या देवांबद्दल आलेला प्रश्न आणि तुम्ही दिलेलं उत्तर. आडनाव सांगताना तुम्ही किती वेळ घेतलात हेसुद्धा टिपण्यासारखं आहे. आणि काही ठिकाणी काहीच त्रास झाला नाही, मोकळेपणानं वागवलं गेलं, तेही त्याच नेमकेपणानं लिहा.

प्रश्न : लिहायला बसले की तो सगळा प्रसंग पुन्हा घडतो. रात्र रात्र झोप लागत नाही. सोडून द्यावं का?

तो प्रसंग सोडा, लिखाण सोडू नका. झोपण्याआधी लिहू नका, सकाळी लिहा. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं, मग उठून घरातलं एखादं हाताचं काम. जड प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी हलका कागद घ्या : आईच्या हातचं कालवण, पहिली सायकल. 'मी' ऐवजी 'ती मुलगी' असं लिहून बघा, पुष्कळांना त्यानं जमतं. नंतर 'मी' करता येतं. जवळच्या एका माणसाला तुम्ही काय लिहिताय ते माहीत असू द्या. पंधरा दिवसांनंतरही झोप परतली नाही, दिवसाची कामं होईनाशी झाली, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणं नको वाटलं तर पंधरा दिवसही थांबू नका. बडोद्याचं लिहायला बाबासाहेबांसारख्या माणसाला मधे अठरा वर्षं जावी लागली होती. तुमच्या या कागदालाही वेळ लागला तर लागू द्या.

प्रश्न : लिहून झालं, 200 फुलस्केप पानं आहेत. नातवंडांसाठी शंभरेक प्रती काढायच्या आहेत. छापखान्यात जाण्याआधी काय तयारी करू?

आधी प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. एकुलती एक प्रत कोणाच्याही हातात देऊ नका. मग शब्द मोजा. पाच पानांचे मोजून सरासरी काढली तरी चालते. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या पुस्तकात एका पानावर साधारण 280 शब्द बसतात. छपाई 16 पानांच्या फॉर्मानं होते, म्हणजे आठ फॉर्मांचं पुस्तक 128 पानांचं. सुरुवातीची डझनभर पानं वगळली तर त्यात सुमारे 32 हजार शब्द मावतात. मजकूर दोन-तीन पानांनी पुढच्या फॉर्मात जात असेल तर तेवढा कमी करा, नाहीतर कोरी पानं येतात आणि खर्च वाढतो. शंभर प्रतींना डिजिटल छपाई परवडते, ऑफसेटचा फायदा प्रती पुष्कळ असतील तेव्हाच.

टाइप युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत, करून घ्या. अक्षरजुळणी करणारा ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेत असेल तर बदलानंतर पुन्हा मुद्रितं (प्रुफं) वाचा. रफार एका अक्षरानं सरकतो, 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' मधला र बिघडतो, जोडाक्षरं तुटतात आणि अंक इंग्रजी-मराठी मिसळतात. पहिलं मुद्रित तुम्ही वाचा, दुसरं हस्तलिखित न पाहिलेल्या माणसाला द्या. माणसांची आणि गावांची नावं तिसऱ्या वाचनात तेवढीच वेगळी तपासा. जुने फोटो मोबाइलनं टिपू नका, 300 डीपीआयला स्कॅन करा. प्रत्येकाखाली कोण, कुठे, साधारण केव्हा ते लिहा. आज घरात सगळे ओळखतात, नातवंडांची मुलं ओळखणार नाहीत.

विक्री करायची नसली तरी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनामूल्य मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. आणि पुस्तक प्रसिद्ध केलंत की 1954 च्या 'डिलिव्हरी ऑफ बुक्स' कायद्याप्रमाणे 30 दिवसांत या चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय. टपालाची पावती जपून ठेवा. एक प्रत गावच्या शाळेला आणि एक विहाराच्या कपाटात द्या, तिथली मुलं ती नक्की हाताळतील.